जुन्या लहान ट्रॅक्टरला वापरलेला नांगर: आधी ट्रॅक्टर तोला, मग नांगर बघा

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे २८ एचपीचा, फक्त मागच्या चाकांवर ओढणारा जुना ट्रॅक्टर आहे. वजन १,३०० किलोच्या आसपास. जमीन थोडी मध्यम, थोडी भारी चिकण. ओळखीतल्या एकाकडे वापरलेला दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर आहे आणि तो स्वस्तात द्यायला तयार आहे. माझा ट्रॅक्टर तो ओढेल का? आणि वापरलेला नांगर घेताना नेमकं काय तपासायचं?"

हा नांगर तुमच्या ट्रॅक्टरसाठी नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. नांगर चांगला असेलही, पण तो मोठ्या ट्रॅक्टरचा आहे. आता कारणं सांगतो, म्हणजे पुढचा नांगर बघायला जाल तेव्हा हाच हिशेब तुम्हाला स्वतःला मांडता येईल.

बहुतेक जण एचपी विचारतात आणि तिथेच थांबतात. जुन्या लहान ट्रॅक्टरला नांगरटीत इंजिनाची ताकद सहसा कमी पडत नाही, कमी पडते ती चाकांची पकड. म्हणजेच वजन. साधं गणित करून बघू. फाळाची रुंदी १२ इंच म्हणजे ३० सेंटिमीटर धरा आणि खोली २० सेंटिमीटर. एका तासाचा, म्हणजे एका फाळाने पडणाऱ्या चराचा, छेद झाला ६०० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमीन वाफशावर असताना दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो ओढ घेते. हलक्या रेताड जमिनीत हाच आकडा ०.२ ते ०.३ वर येतो, भारी चिकण जमिनीत ०.८ पर्यंत चढतो आणि ती वाळून कडक झाली असेल तर त्याच्याही वर. म्हणजे मध्यम जमिनीत १२ इंची एका फाळाला ३०० किलो ओढ लागते आणि दोन फाळांना ६००.

ताशी ५ किलोमीटर वेगाने ६०० किलो ओढायला प्रत्यक्ष ११ एचपी पुरतात. गिअर, टायर आणि मऊ माती यांच्यात बरीच शक्ती खर्ची पडते, तरी २८ एचपीचं धडधाकट इंजिन एवढं सहज देतं. आता वजनाकडे या. १,३०० किलोच्या ट्रॅक्टरचा साधारण ६० टक्के भार मागे असतो, म्हणजे ७८० किलो. नांगराचं वजन आणि मातीची खालच्या दिशेची ओढ मिळून ओढताना मागच्या चाकांवर आणखी तीनशेएक किलो येतात असं धरू. झाले अकराशेच्या आसपास. शेतातल्या जमिनीवर घसरण आवाक्यात ठेवून मागची चाकं आपल्यावरच्या भाराच्या जेमतेम निम्मी ओढ देतात, म्हणजे साडेपाचशे किलो. म्हणजे १२ इंची दोन फाळ मध्यम जमिनीतसुद्धा तुमच्या ट्रॅक्टरला जड जातील. भारी पट्ट्यात इंजिन दमायच्या आधी चाकं जागेवर फिरायला लागतील.

१० इंची दोन फाळ घेतले आणि खोली १८ सेंटिमीटर ठेवली, तर मध्यम जमिनीत ओढ ४५० किलोवर येते. ते जमतं. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० या छोट्या राखाडी ट्रॅक्टरची ताकद आणि वजन तुमच्या ट्रॅक्टरच्या जवळपासच होतं. त्याच्यासाठी कंपनी १० आणि १२ इंची दोन फाळी नांगर द्यायची आणि खोल कामासाठी १६ इंची एक फाळी. जड जमिनीत एक फाळ कमी करायचा, ही समज तेव्हापासूनची आहे. तुमच्या भारी चिकण पट्ट्यासाठी १२ किंवा १४ इंची एक फाळी नांगर माझ्या मते दोन फाळीपेक्षा चांगला. तास एकच पडेल, पण पूर्ण खोलीचा आणि नीट पलटलेला पडेल. दोन फाळी जोडून चार इंचांवर खरवडत बसण्यात डिझेल जातं आणि नांगरटही होत नाही.

फाळाची रुंदी आणि खोली यांचंही आपसात नातं आहे. माती उलटवणाऱ्या साध्या नांगराने रुंदीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त खोल जायचा प्रयत्न केला, तर मातीचा पट्टा उलटत नाही. तो उभा राहतो नाहीतर परत तासात पडतो. १० इंची फाळाला सहा-सात इंच खोली आणि १२ इंचीला आठ इंच, ही मर्यादा. एक फूट खोल हवं असेल तर तो या नांगराचा आणि या ट्रॅक्टरचा विषयच नाही.

ट्रॅक्टर सध्या किती घसरतोय हे मोजून बघा, अंदाजावर ठेवू नका. मागच्या टायरच्या कडेला खडूने ठळक खूण करा. ज्या शेतात काम करायचं तिथेच, अवजार उचलून, चाकाचे दहा पूर्ण फेरे होईपर्यंत चाला आणि ते अंतर मोजा. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा रिकाम्यात ३८ मीटर भरले आणि ओढताना ३३, तर घसरण झाली १३ टक्के. १० ते १५ टक्के ठीक आहे. २०च्या पुढे गेलात तर टायर झिजतो, तासाचा तळ चोपला जातो आणि डिझेल नुसतं चाक फिरवण्यात जातं. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं तर या मापाच्या ट्रॅक्टरला दर टायरमागे शंभर किलोहून जास्त वजन मिळतं, आणि नांगराचा आकार वाढवण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त आहे. फक्त जिथे पाणी गोठतं तिथे साधं पाणी भरू नका.

आता पलटी नांगराचं बघू. तो हवाहवासा वाटतो हे मला कळतं. येताना-जाताना माती एकाच बाजूला पडते, शेताच्या मध्ये वरंबा राहत नाही, शेवटी खोल नाली राहत नाही, आणि बांधाच्या एका कडेने सुरू करून दुसऱ्या कडेला संपवता येतं. पण त्याच्यावर फाळांचे दोन संच असतात, वर फिरवायची यंत्रणा. वजन साध्या नांगराच्या जवळजवळ दुप्पट होतं आणि ते वजन ट्रॅक्टरपासून लांब, मागे लटकतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर, ४० टक्के भार धरला तर, ५२० किलो आहेत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर १.८ मीटर धरू. दोन फाळी पलटी नांगर ३५० किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे असेल, तर तो उचलला की ३५० गुणिले १.५ भागिले १.८, म्हणजे सुमारे २९० किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात. उरले २३०. अवजार उचललेलं असताना पुढच्या ॲक्सलवर ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान २० टक्के भार हवा, असा सुरक्षिततेचा नियम आहे. तुमच्या बाबतीत ते २६० किलो होतात. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या खाली गेलात. बांधावर, चढावर किंवा रस्त्यावरच्या एका खड्ड्यात ट्रॅक्टर पुढून उचलेल आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होईल.

१८० किलोचा साधा दोन फाळी नांगर थोडा जवळ, १.३ मीटरवर धरला तर फक्त १३० किलो कमी होतात आणि पुढे ३९० उरतात. फरक तुमच्या समोर आहे. पुढे वजनं लावता येतात. पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे ६० किलो टांगले तर ॲक्सलवर ७५-८० किलो वाढतात. पण त्या वजनांनी मागच्या हायड्रॉलिकची उचल वाढत नाही. जुन्या लहान ट्रॅक्टरची उचल नवीन असतानाही मोजकीच असायची, आणि झिजलेला पंप आणि घासलेला पिस्टन घेऊन ती आज तेवढीही राहिलेली नसते.

शिवाय हायड्रॉलिक पलटी नांगर फिरवायला ट्रॅक्टरवर तेलाची वेगळी जोडणी लागते, म्हणजे बाहेरचा व्हॉल्व्ह आणि होज लावायची जागा. बऱ्याच जुन्या लहान ट्रॅक्टरवर ती नसते. नंतर बसवता येते, पण त्या खर्चात तुमच्या मापाचा एक चांगला नांगर येऊ शकतो. पलटीच हवा असेल तर हाताच्या लिव्हरने फिरणारा एक फाळी शोधा. तो मिळेपर्यंत साधा, उजवीकडे माती टाकणारा नांगर वाईट नाही. तास कुठून सुरू करायचा हे दरवर्षी बदललं की वरंबा आणि नाली एकाच जागी साचत नाहीत.

डिस्क नांगराबद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात. दगडगोटे, मुळं किंवा कोरडी कडक जमीन असेल तर तो अडकत नाही, अडथळ्यावरून फिरत वर चढतो, आणि अतिचिकट मातीतही चालतो. पण फाळाचा नांगर टोकाने स्वतःला जमिनीत ओढून घेतो, तसं डिस्कचं नाही. डिस्क जमिनीत घुसते ती वजनाच्या जोरावर, म्हणून तो नांगर मुळातच जड बनवलेला असतो. धसकटं आणि काडीकचराही तो पूर्ण गाडत नाही. १,३०० किलोच्या ट्रॅक्टरला मी तो सुचवणार नाही.

नांगर बघायला जाल तेव्हा टेप, सूत, गुण्या आणि वायरब्रश घेऊन जा. त्याआधी घरी आपल्या ट्रॅक्टरची दोन मापं घ्या. पहिलं जोडणीचं. लहान ट्रॅक्टरला बहुधा कॅटेगरी १ची, म्हणजे लहान मापाची तीन बिंदूंची जोडणी असते: खालच्या दोन पिना २२ मिलिमीटर, टॉप लिंकची म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची १९ मिलिमीटर, खालच्या दोन जोडबिंदूंमधलं अंतर सुमारे ६८ सेंटिमीटर आणि खालच्या पिनांपासून टॉप लिंकच्या भोकाची उंची सुमारे ४६ सेंटिमीटर. कॅटेगरी २ला पिना २८ आणि २५ मिलिमीटर, अंतर ८२ आणि उंची ६१ सेंटिमीटरच्या घरात. पिना बदलून किंवा बुश घालून कॅटेगरी २चा नांगर कॅटेगरी १च्या ट्रॅक्टरला लावून देणारे भेटतील. बसतो, हे खरं. पण कारखान्याने त्याला जाड पिना दिल्या कारण तो मोठ्या ट्रॅक्टरसाठी होता. नांगर आवाक्याबाहेरचा आहे, याची ही पहिली खूण समजा. काही जुन्या नांगरांची जोडणी तर तीन बिंदूंची नसतेच. इंटरनॅशनल हार्वेस्टरची फास्ट हिच आणि ॲलिस-चाल्मर्सची स्नॅप कपलर या वेगळ्या पद्धती होत्या. तसा नांगर कितीही चांगला दिसला तरी नवीन शिरोभाग, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा सांगाडा, बनवल्याशिवाय तुमच्या कामाचा नाही.

दुसरं माप चाकांचं. मागच्या दोन टायरच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्याचं निम्मं करा. साधा नांगर ओढताना उजवं चाक आधीच्या तासात चालतं आणि त्याची आतली कड तासाच्या भिंतीला लागून असते. ट्रॅक्टरच्या मध्यापासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे हेच निम्मं माप. आता नांगराच्या शिरोभागाच्या मध्यापासून पहिल्या फाळाच्या उजव्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. ही दोन मापं एकमेकांच्या जवळ यायला हवीत. थोडा फरक नांगराचा आडवा दांडा फिरवून निघतो. जास्त असेल तर चाकं आत-बाहेर करावी लागतील, आणि जुन्या ट्रॅक्टरवर रिम उलटसुलट लावून ते सहसा करता येतं. याकडे दुर्लक्ष झालं तर पहिला तास नेहमी रुंद किंवा अरुंद पडतो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढत राहतो आणि माणूस दिवसभर स्टेअरिंगशी झगडतो. हे बघून नांगर नाकारणारे फार थोडे भेटतात. मला मात्र हे माप फाळाच्या झिजेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

प्रत्यक्ष नांगरापाशी गेलात की सगळ्यांची नजर आधी फाळावर जाते. तुम्ही आधी चौकट बघा. फाळ, लँडसाइड (तासाच्या भिंतीला घासत जाणारी पट्टी) आणि मोल्डबोर्ड (माती पलटवणारा वळणदार पत्रा), ही सगळी झिजायची आणि बदलायचीच वस्तू. दांडा वाकलेला असेल तर मात्र नवीन फाळ लावूनही नांगर सरळ चालत नाही. दोन फाळी नांगर सपाट काँक्रीटवर ठेवा. दोन्ही फाळांची टोकं एकाच वेळी जमिनीला टेकतात का बघा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर चालण्याच्या दिशेला काटकोनात मोजा. १० इंची नांगरात ते २५ सेंटिमीटरच्या आसपासच यायला हवं. हे काटकोनात मोजायलाच गुण्या लागतो, तिरपं मोजलं तर आकडा फसवतो. शेवटी मागच्या लँडसाइडला सूत लावून ते पुढपर्यंत ताणा आणि पुढच्या लँडसाइडशी समांतर जातं का बघा. दोन्ही पट्ट्या समांतर नसतील तर एखादा दांडा कधीतरी दगडाला धडकून वळला आहे.

एकदा असाच एक नांगर तपासायला मला बोलावलं होतं. नुकताच लाल रंग दिलेला, फाळ नवे, दिसायला देखणा. टोकांमधलं अंतर पुढून नीट भरत होतं, पण सूत लावल्यावर मागची लँडसाइड दीड बोटाने बाहेर गेली. मागच्या दांड्याच्या मुळाशी वायरब्रश मारला तेव्हा रंगाखालून वेल्डिंगची जाड, ओबडधोबड शिवण निघाली, आणि तिच्या कडेला केसासारखी भेग. तो दांडा एकदा तुटून जोडला होता आणि पुन्हा तुटायच्या मार्गावर होता. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. घेणाऱ्याला मात्र घरी परत पाठवलं. नवा रंग दिसला की शिरोभागाची वेल्डिंग, दांड्याची मुळं आणि बोल्टची भोकं ब्रशने घासून बघायचीच. मालकाला ते नको असेल तर तो नांगर तिथेच राहू द्या.

फ्रॉग म्हणजे ज्यावर फाळ, मोल्डबोर्ड आणि लँडसाइड हे तिन्ही बोल्टने बसतात तो तुकडा. तो फुटलेला नाही, बोल्टची भोकं लांबट झालेली नाहीत आणि फाळ त्याला सगळीकडे टेकून बसतो, एवढं बघा. फाळाखाली पत्र्याचे तुकडे कोंबून फट भरलेली दिसली तर समजायचं की फ्रॉग झिजला आहे. जुना फ्रॉग बिडाचा असेल तर त्याला वेल्डिंग करून फारसा उपयोग होत नाही, शेजारीच नवी भेग जाते.

फाळाच्या टोकाला खाली आणि न नांगरलेल्या जमिनीच्या बाजूला किंचित वळण दिलेलं असतं, त्यानेच नांगर आत घुसतो. नांगर सपाट फरशीवर ठेवून लँडसाइडच्या खाली, टोक आणि टाच यांच्या मध्ये, किती फट राहते बघा. ३ ते ५ मिलिमीटर असेल तर फाळात जीव आहे. फट शून्य असेल तर टोक झिजलंय आणि नांगर कडक जमिनीत वरवर तरंगेल. फाळ बदलायला पैसे लागतात, पण त्याने नांगर नाकारायचं कारण नाही, किंमत कमी करून मागायचं कारण आहे.

मोल्डबोर्डचं तसं नाही. तो महाग असतो आणि जुन्या नांगराचा मिळेलच असं नाही. त्याची पुढची उभी कड, जिथे माती प्रथम कापली जाते, ती सगळ्यात आधी झिजते. तिथे बोट फिरवून जाडी बघा. पात्यासारखी धार लागली असेल किंवा भोक पडायला आलं असेल तर तो पत्रा बदलावा लागणार. मग गंज बघा. वरवरचा तांबूस गंज हलक्या, वाळू असलेल्या जमिनीत काही तास चालवला की घासून निघतो. पण पृष्ठभागावर खड्डे पडले असतील आणि तुमची माती चिकण असेल, तर माती घसरायच्या ऐवजी चिकटून बसेल. चिकटलेल्या मातीवर माती बसते, पट्टा उलटत नाही, ओढ वाढते, आणि सारखं उतरून फावड्याने पत्रा खरवडावा लागतो. तुमच्या भारी पट्ट्यासाठी मला गुळगुळीत पत्रा हवा, नाहीतर पट्ट्या-पट्ट्यांचा मोल्डबोर्ड. पट्ट्यांच्या मोल्डबोर्डला मातीशी घासायला जागाच कमी असल्यामुळे चिकण मातीत तो बरा चालतो.

सुटे भाग मिळतात का, हे पैसे देण्याच्या आधी विचारायचं. फाळ आणि मोल्डबोर्डच्या मागच्या बाजूला ओतीव किंवा ठोकलेले आकडे असतात. ते घासून वाचा, फोटो काढा आणि अवजारांचे सुटे भाग विकणाऱ्याला दाखवा. कंपनी बंद झाली तरी नेहमीच्या वापरातल्या नांगरांचे फाळ दुसरे कारखाने बनवतात. आकडा नसेल तर फाळाच्या भोकांमधली अंतरं आणि कोन कागदावर उतरवून घ्या. भाग मिळणार नसेल तर तो नांगर फुकटही महाग पडेल. मिळणार असेल तर फाळांचा एक जोड, लँडसाइड आणि चौकोनी मानेचे बोल्ट यांची किंमत काढा, ती मागितलेल्या किमतीत मिळवा, आणि मग ठरवा.

बाकीचं पटकन. आडव्या दांड्याच्या पिना लंबगोल झिजल्या असतील तर बदलायला लावा. खोलीचं चाक असेल तर ते फिरतंय का बघा. तुमच्या हायड्रॉलिकला ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे ओढीनुसार नांगर आपोआप वर-खाली करायची सोय, नसेल तर खोलीचं चाक असलेलाच नांगर घ्या, नाहीतर खोली एकसारखी राहणार नाही. उलट, टीई-२०सारख्या ट्रॅक्टरवर फक्त ड्राफ्ट कंट्रोलच असतो, अवजार ठरावीक उंचीवर धरून ठेवायची सोय त्यात नाही. तिथेही जमीन मिश्र असेल तर चाकाचा फायदा होतो, कारण हलकी माती आली की नांगर आपोआप खोल जातो. गोल कोल्टर, म्हणजे पुढे माती उभी कापणारी चकती, असेल तर त्याचं बेअरिंग हलवून बघा. काडीकचरा असलेल्या रानात त्याचा फार उपयोग होतो आणि मोल्डबोर्डची पुढची कडही त्याने टिकते. दगड लागला तर तुटायचा बोल्ट असेल, तर त्याच्या जागी कुणी जाड कडक बोल्ट ठोकलेला नाही ना, हे पक्कं करा. तो बोल्ट तुटावा म्हणूनच असतो. तो तुटला नाही तर दांडा वाकतो.

शक्य असेल तर विकणाऱ्याला शेतात थोडं नांगरून दाखवायला सांगा. त्या वेळी पट्टा पूर्ण उलटतो का, दोन्ही तास सारखे पडतात का आणि तासाचा तळ सपाट आहे का, हे चालत मागे जाऊन बघा. मोल्डबोर्डवर चकाकी सगळीकडे सारखी यायला हवी. एखाद्या भागात माती चिकटलेली राहत असेल तर तिथे खड्डे आहेत किंवा पत्रा वाकलेला आहे.

घरी आणल्यावर पहिली जुळवणी शेतात नको, फरशीवर करा. ट्रॅक्टरची डावी दोन्ही चाकं, पुढचं आणि मागचं, नांगरटीच्या खोलीइतक्या जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवा. मऊ जमिनीत टायर थोडा रुततो, म्हणून ठोकळा खोलीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी धरा. उजवी चाकं फरशीवर. शेतात उजवं चाक तासात असतं तेव्हा ट्रॅक्टर असाच कललेला राहतो. या अवस्थेत नांगर खाली सोडा आणि उजव्या बाजूच्या उचल-दांड्याच्या फिरकीने तो आडवा सपाट करा, म्हणजे दोन्ही फाळ सारखे टेकतील. मग टॉप लिंकने पुढे-मागे सपाट करा. टॉप लिंक आखूड केली की टोक जास्त खाली वळतं, लांब केली की टाच दबते. शेतात नांगर घुसत नसेल तर अर्धा फेरा आखूड करा. लँडसाइडची टाच तासाच्या तळावर अगदी हलकी रेघ सोडत असेल तर जुळलं. खोल चर पाडत असेल तर टॉप लिंक थोडी आखूड करा.

उचललेल्या नांगराखाली हात घालायचा नाही, पाय तर अजिबातच नाही. जुनी हायड्रॉलिक तेल सोडतात, हळूहळू किंवा एकदम. बोल्ट आवळायचे असतील तर नांगर जमिनीवर ठेवा किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावा. ट्रॅक्टर रुतला किंवा नांगर अडकला तर साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या ॲक्सलच्या वर कुठेही बांधून ओढू नका. ओढ ॲक्सलच्या वरून आली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि हे इतक्या पटकन होतं की क्लचवर पाय जायला वेळ मिळत नाही.

पहिल्या दिवशी तासाभराच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नव्या फाळाचे तर नक्कीच. हंगाम संपला की मोल्डबोर्ड, फाळ आणि लँडसाइड धुऊन कोरडे करा आणि चकाकलेल्या भागावर ग्रीसचा जाड थर द्या. एका पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या पत्र्यावर खड्डे पडायला सुरुवात होते, आणि चिकण मातीत ती चकाकी परत आणायला पुढचा अर्धा हंगाम जातो.